नळीखालचा ठसा

सक्करदरा, नागपूर
शनिवार, १२ फेब्रुवारी १९८३

प्रिय केशव,

तुझं पत्र पोचलं. पाकिटावरचं अक्षर पाहूनच ओळखलं, अजूनही 'ग' काढताना शेपूट लांब ओढतोस. तू 'प्रिय गोपिका' लिहिलंस म्हणून मीही 'प्रिय केशव' लिहिलं आहे. त्याचा याहून जास्त अर्थ काढू नकोस. चंद्रभान, म्हणजे माझे यजमान, गांधीबागेतून दुकान बंद करून आले आणि चहा पिता पिता त्यांनी तुझं पत्र अख्खं मोठ्यानं वाचलं. आमच्या घरी पत्रं अशीच वाचतात, लपवायचं काही नसतं. वाचून झाल्यावर चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "काहून वं, इतक्या वर्षांनी हा माणूस तुही आठवण काहून काढून राहिला?" मी म्हटलं, आठवण माझी नाही हो, बंदुकीची काढली आहे.

खोटं आहे का? चार पानांचं पत्र. पहिल्या पानावर सक्करदऱ्याचा तलाव, दुसऱ्यावर आमच्या अंगणातला पेरू, तिसऱ्यावर नानांच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या, आठवणीनं तुझा भरून आलेला गळा, आणि चौथ्या पानाच्या अगदी तळाशी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखी, एक छोटीशी विनंती. उद्या धंतोलीतल्या नव्या संग्रहालयाचं उद्घाटन. तू तुझ्या सगळ्या ठासणीच्या बंदुका त्यांना दिल्यास, दालनाला तुझं नाव लागणार, पितळी पाटी मी परवाच पाहिली, छान झाली आहे. बाकीच्या बंदुका आमच्या तपासणी समितीनं गेल्या आठवड्यात उघडून, नळ्या उचलून, खालचे ठसे वाचून घेतल्या. राहिली फक्त ती एक, मधल्या काचेच्या पेटीतली. ती उद्या सगळ्यांसमोर उघडून दाखवायची असं समितीनं ठरवलं आहे, आणि तुझी विनंती अशी की त्याऐवजी दुसरी कुठलीही उघडा, पण ती नको. 'कारखान्यातून निघाल्यापासून तिचा एकही स्क्रू फिरलेला नाही, तेच तिचं मोल आहे, आणि समितीतले वामनराव तुझा शब्द मोडणार नाहीत', असं लिहिलं आहेस. उत्तर देते. पण तू तीन पानं इकडचं तिकडचं लिहिलंस, तर मलाही थोडं लिहू दे.

तू पहिल्यांदा आमच्या ओसरीवर आलास तो दिवस आठवतो? तुझ्या सायकलची साखळी पडली होती, हात काळे झाले होते, आणि बाबांनी तुला हात धुवायला पाणी द्यायच्या आधी हातात बंदूक दिली. त्यांचं असंच. शाळेत इतिहास शिकवायचे आणि घरी येऊन बंदुका पुसत बसायचे. सगळं गाव त्यांना नानाजी मास्तर म्हणायचं, तू मात्र दुसऱ्याच दिवशी 'नाना' म्हणायला लागलास. तेव्हाच मला कळायला हवं होतं की तुला जवळ यायची फार घाई असते. तू विचारलंस, बंदुकीवर नाव कुणाचं असतं, चालवणाऱ्याचं की बनवणाऱ्याचं? बाबा एवढे खूश झाले की आईला म्हणाले, पोरगा जेवूनच जाईल. जेवलास. पुढची कितीतरी वर्षं जेवलास.

त्यांनी तुला काय काय शिकवलं ते मी स्वयंपाकघरातून ऐकायची. घोड्याच्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर मुकुट, पुढे इंग्रजीत 'टॉवर' आणि त्याखाली साल. नळीच्या बुडाशी, डाव्या अंगाला, दारूचा दुप्पट बार भरून नळी फुटते का ते पाहिल्याच्या खुणा. दस्त्यावर लाकडात उमटवलेला गोल शिक्का. आणि तिन्ही कड्या सोडवून, मागचा मोठा स्क्रू काढून नळी लाकडातून उचलली की तिच्या पोटाशी, जिथे ऊन नाही, पाणी नाही, माणसाचा हातही नाही, तिथे ती नळी घडवणाऱ्या कारागिराचं नाव. शिवाय कानशीनं मारलेल्या बारीक रेघा, जेवढ्या नळीवर तेवढ्याच लाकडात, हे तुकडे एकमेकांचेच म्हणून. बाबा म्हणायचे, "वरचे ठसे सरकारसाठी असतेत, खालचे कारागिरानं आपल्या माणसासाठी ठेवलेले असतेत." बाजारातल्या नकली बंदुकांवर वरचे ठसे झकास ठोकलेले असायचे. खालच्याचा कोण विचार करतो?

आणि बाबांचा तो नियम. तू तो विसरला नाहीस, विसरणं शक्यच नाही, कारण सगळा घात तू त्या नियमावरच बेतलास. त्यांच्या हातात नकली बंदूक आली की ते ती विकायचे नाहीत, कुणी कितीही मागितली तरी. ज्याला शोभेला हवी, नाटकात हवी, त्याला तशीच देऊन टाकायचे. पण देण्याआधी नळी उचलून तिच्या पोटावर आपला ठसा मारायचे. इतवारीतल्या मोहोर कोरणाऱ्याकडून तो पोलादी ठसा करून आणला होता, बोटाएवढा, टोकाला एकच अक्षर, 'खो'. खोटीतला खो. उद्या कुणी ती बंदूक खरी म्हणून कुणाच्या गळ्यात मारायला लागला तर उघडल्यावर कळावं, एवढ्यासाठी. नागपुरातल्या सगळ्या शौकिनांना हा ठसा माहीत होता. बाबांचे जुने मित्र वामनराव, त्यांच्या बैठकीत तसल्या तीन बंदुका अजून टांगलेल्या आहेत आणि ते प्रत्येक पाहुण्याला हसत सांगतात, या तिघींना नानाजीनं खोटं ठरवलं, आता त्या कोर्टात गेल्या तरी सुटत नाहीत.

मग कुही. त्या वर्षी बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि डॉक्टर म्हणत होते, अजून पिकला नाही, थांबा. उजेड आणि सावली एवढंच कळायचं त्यांना. तरी कुहीच्या देवाजी नावाच्या शेतकऱ्याच्या घरी माळ्यावर जुनी बंदूक आहे, धानात डुकरं शिरली की बार काढतात, असं कुणीतरी सांगितलं आणि हा माणूस तुझ्या खांद्यावर हात ठेवून एसटीनं कुहीला गेला. गंजानं लाल झालेली, कडीला सुतळी बांधलेली ती बंदूक त्यांनी मांडीवर घेतली आणि नुसता अंगठा फिरवत बसले. परत आल्यावर आईला म्हणाले, "खरी आहे. सत्तावनच्या आधीची. या जन्मात एवढी भेटली, बस झालं." लहान पोराला खाऊ मिळावा तसं तोंड झालं होतं त्यांचं. लायसन त्यांच्या नावावर होईपर्यंत त्यांना दम नव्हता.

आपण दोघांनी अंगणात बसून रॉकेलच्या चिंध्यांनी ती घासली. मला त्या गंजाचा काडीचा सोस नव्हता, तू समोर बसायचास म्हणून मी बसायची, हे तुला तेव्हाही ठाऊक होतं. शेजारच्या जिजाबाई कुंपणावरून ओरडायच्या, "अवं पोरी, बंदूक घासून राहिली का नवरा?" तू लाजल्याचं सोंग चांगलं करायचास. आपल्या लग्नाची सुपारी फुटायचीच काय ती बाकी होती. तुझी आई येऊन माझ्या हातचं वांग्याचं भरीत खाऊन गेली होती आणि आईनं माझ्यासाठी एक हिरवं पातळ बाजूला काढून ठेवलं होतं.

गंज निघाला, ठसे वर आले, आणि तो सकाळचा प्रसंग आला. बाबा ओसरीवर बाजेवर बसलेले, बंदूक मांडीवर, आणि तू समोर उकिडवा बसून भिंग घेऊन पट्टी वाचत होतास. बाबांनी दोनदा विचारलं, "काय दिसते रे?" मग तू भिंग खाली ठेवून, अगदी हळुवार आवाजात म्हणालास, "नाना, मनाले लावून घेऊ नका." मुकुट ठशाचा नाही, छिन्नीनं कोरलेला आहे. सालातला सहाचा आकडा उलटा बसला आहे. नळीच्या बाजूला खुणा आहेत त्या कुणीतरी खिळ्यानं काढल्या असाव्यात. कुठल्यातरी बाजारातल्या भट्टीतली नक्कल आहे. हे सगळं तू एका दमात नाही, थांबून थांबून, जणू तुलाच वाईट वाटतंय असं सांगितलंस. मी तिथे खांबाला टेकून उभी होते. मला ठसे वाचता येत नव्हते आणि तू खोटं बोलशील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. बाबांनी पुन्हा पट्टीवर अंगठा फिरवला. तू त्यांचा हात धरलास आणि म्हणालास, गंजानं खड्डे पडलेत, बोटाला काय कळणार, मी पाहतो आहे ना.

मी पाहतो आहे ना! केशव, हे चार शब्द मी किती वर्षं चावून चावून थुंकले आहेत, तुला सांगता येणार नाही. आणि सगळ्यांत जळतं ते कशानं, सांगू? बाबांनी तुझे आभार मानले. "तू होता म्हणून बरं झालं गा, नाहीतर मी चार लोकांत तोंडावर आपटलो असतो." असं म्हणून त्यांनी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. तू तो फिरवू दिलास. वर म्हणालास, वामनरावांना वगैरे दाखवू नका, लोक हसतील. आमच्या नाटकमंडळाला पुढच्या महिन्यात बंदूक हवीच आहे, मला द्या. आणि तुमचा तो ठसाबिसा राहू द्या नाना, नाटकातच तर जायची आहे, या डोळ्यांनी कुठे नळी उचलत बसता. बाबा बरं म्हणाले. दोन दिवसांनी तू येऊन, पोत्यात गुंडाळून, सायकलच्या दांडीला बांधून, बंदूक घेऊन गेलास. लायसनच्या कचेरीत त्यांचा हात धरून सहीसुद्धा तूच करवून घेतलीस.

नाटक कुठलं ते अजून मला कळलेलं नाही. कुठल्या रंगमंचावर ती गेली नाही. तुझं येणं आधी आठवड्यावर गेलं, मग सणावर, मग रामदासपेठेतल्या डॉक्टरांच्या शामलाशी तुझं जमल्याची पत्रिका पोस्टानं आली. त्याचं मी रडून घेतलं आणि संपवलं. चंद्रभान तुझ्यापेक्षा बुटके आहेत, बोलायला फटकळ आहेत आणि माझ्या बाबांच्या शेवटच्या आजारपणात त्यांनी बाबांचे पाय चेपले आहेत, लग्नाला महिनाही झाला नसताना. त्या बाबतीत तू माझ्यावर उपकारच केलास. म्हणून हे पत्र एका टाकलेल्या बाईचं आहे अशी समजूत करून घेऊ नकोस. तुला तशी समजूत करून घ्यायला आवडेल, म्हणून आधीच सांगते.

दोन वर्षांनी मोतीबिंदू पिकला, काढला, बाबांना जाड काचांचा चष्मा मिळाला. त्यांना सगळं दिसायला लागलं आणि ते पोरासारखे गावभर हिंडू लागले. तेव्हाच धंतोलीत जुन्या शस्त्रांचं एक प्रदर्शन भरलं होतं. तुझं नाव वाचून ते किती हौसेनं गेले! मी सोबत होते. मधल्या टेबलावर लाल मखमलीवर ती बंदूक, आणि समोर पाटी: कामठीच्या एका साहेबाच्या घराण्यातून मिळालेली, सत्तावनपूर्वीची, एकदाही न उघडलेली. बाबांनी चष्मा पुसला. वाकून पट्टीवरचा मुकुट पाहिला, साल पाहिलं. सहाचा आकडा जसा असावा तसा सरळ होता. कडीवर देवाजीकडच्या त्या सुतळीचा घट्टा अजून दिसत होता. तू पलीकडे कुणा बड्या माणसाशी बोलत उभा होतास, आमच्याकडे एकदा पाहिलंस आणि पाठ वळवलीस. बाबा बाहेर आले, रिक्षात बसले. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बाजेवर बसले ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. जेवले नाहीत. आईनं काय काय विचारलं, जिजाबाई येऊन डोकावून गेल्या, कुणाकडे पाहिलं नाही. तो एक दिवस मी त्यांच्या समोर जमिनीवर बसून काढला आहे, केशव. माणूस आतून कसा विझतो ते मी पाहिलं आहे.

शेवटी बोलले ते एवढंच, "गोपिके, माह्या अंगठ्यानं सांगितलं होतं मले. म्याच आयकलं नाही." मी तेव्हाच्या तेव्हा तुझ्या दारात येऊन तुझ्या सासऱ्यासमोर तुझी आब्रू काढायला निघाले होते, चपला घातल्या होत्या. बाबांनी हात धरला. म्हणाले, लोकांत एक शब्द बोलायचा नाही, माझ्या गळ्याची शपथ आहे. ज्याला आपण घरचं मानलं त्याचं नाव आपल्या तोंडून खराब होऊ नये. असे ते होते. मी तशी नाही. पण शपथ घेतली. त्यांनी पुन्हा एकाही बंदुकीला हात लावला नाही, होत्या त्या वामनरावांना देऊन टाकल्या, आणि पुढच्या थंडीत गेले. तू स्मशानात आला होतास. मोठ्ठा हार आणला होतास.

लोक म्हणतात, नानाजींची मुलगी बापाचा शौक पुढे चालवते आहे, किती कौतुक. मला बंदुकांचा शौक नाही, आजही नाही. आधी तुझी माया होती म्हणून गंज घासला, मग तुझा संताप होता म्हणून ठसे शिकले. शाळेत इतिहास शिकवायचा आणि सुटीच्या दिवशी वामनरावांसमोर भिंग घेऊन बसायचं. इतवारीतल्या भंगारवाल्यांकडे, कामठीच्या कबाडीकडे नाकाला पदर लावून हिंडले. खरं काय, नक्कल काय, हे कुणी माझ्या बापाला पुन्हा वाचून दाखवू नये म्हणून स्वतः वाचायला शिकले, आणि तोवर वाचून दाखवायला बाप राहिला नव्हता. तू दरम्यान मोठा झालास. वर्तमानपत्रात तुझे लेख येत, त्या बंदुकीच्या फोटोसकट, 'अस्पर्श' हा शब्द तर तू इतका वापरलास की तो तिचं नावच झाला. प्रत्येक लेख मी वाचला. चंद्रभान म्हणायचे, का स्वतःला भाजून घेते? मी म्हणायची, भाजू द्या, विझायला नको.

संग्रहालयाच्या तपासणी समितीवर यायला मी काही कुणाच्या हातापाया पडले नाही, वामनरावांनीच माझं नाव सुचवलं. पण प्रत्येक बंदूक उघडून पाहिल्याशिवाय घ्यायची नाही हा नियम माझा. आणि फीत कापण्याऐवजी लोकांसमोर एक बंदूक उघडून दाखवावी, तीही सगळ्यांत नावाजलेली, ही कल्पनासुद्धा माझीच. सगळ्यांना फार आवडली. कामठीचे निवृत्त कर्नलसाहेब आमच्या समितीवर आहेत, ते तर टाळ्या पिटायला लागले.

आता तुझ्या त्या अस्पर्श बंदुकीबद्दल. तू स्क्रूंच्या खाचा भिंगाखाली पाहिल्या असशील, एकही ओरखडा नाही, म्हणून ती कधीच उघडली गेली नाही असं धरून चाललास. ज्यानं तुला स्क्रू न दुखवता काढायला शिकवलं तो माणूस किती निगुतीनं काम करायचा हे तू विसरलास. तू पोतं घेऊन यायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, बाबांनी मला हाक मारली. स्क्रूंवर आदल्या सकाळपासून रॉकेलचे बोळे ठेवले होते. खाचेत बरोबर बसेल असा पेचकस त्यांनी बोटानं चाचपून निवडला. कड्या मी सरकवल्या, नळी आम्ही दोघांनी उचलली. मी म्हटलं, बाबा, केशव नको म्हणाला होता ना? तर म्हणाले, "नाटकातूनही वस्तू बाजारात जाते, पोरी. खोटीले खोटी म्हटलंच पाहिजे." नळी गोणपाटावर उलटी ठेवली. जागा चाचपायला त्यांनी तिच्या पोटावर अंगठा फिरवला आणि तो थांबला. पुढे गेला, मागे आला, पुन्हा थांबला. तिथे गंज नव्हता. तिथे कारागिराचं नाव होतं, खोल, स्वच्छ, आणि कानशीच्या रेघा, लाकडात होत्या तेवढ्याच. बाजारातल्या भट्टीत हे कुणी करत नाही हे तुझ्या-माझ्याआधी त्यांना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवून विचारलं, "केशवनं नीट पाह्यलं ना?" मी म्हटलं, हो बाबा. मग ते थोडे हसले, माझ्या अंगठ्यापेक्षा पोराचे डोळे चांगले असं काहीसं म्हणाले, आणि ठसा टेकवून हातोडीचा एकच घाव घातला. कारागिराच्या नावाच्या बरोबर शेजारी. सरळ बसला, न दिसता.

तर उद्या ती नळी वर येईल तेव्हा तिच्या पोटावर 'खो' असेल. बाबांचा ठसा ओळखणारे वामनराव पहिल्या रांगेत असतील. आता तू काय काय म्हणू शकतोस, ते मी सगळं विचार करून ठेवलं आहे, मला बारा वर्षं दुसरं काम नव्हतं. तू गप्प बसलास तर बंदूक खोटी ठरेल, आणि ज्यानं आयुष्यभर खोटी मिरवली त्याच्या नावाचं दालन कुणी ठेवणार नाही. ठसा दुसऱ्याच कुणी मारला म्हणशील, तर वामनराव आपल्या बैठकीतल्या तिघी आणून शेजारी ठेवतील. साहेबाच्या घराण्याकडे नानाजींचा ठसा कसा पोचला, हेही कुणीतरी विचारेलच. आणि नानांना तेव्हा दिसत नव्हतं, चुकून मारला, असं म्हणालास, तर मी काही बोलायची गरज नाही. सगळं नागपूर तुला विचारेल, तेव्हा नानाजींचे डोळे कोण होतं?

एक काळजी मात्र मला बरीच वर्षं होती. बाबांनी खऱ्या बंदुकीला खोटं ठरवलं, ही त्यांची चूकही उघडी पडेल. ज्या ठशावर सगळ्यांचा विश्वास, तोच चुकला म्हणतील. मग एक दिवस पोरींना वर्गात शिकवता शिकवता लख्ख वाटून गेलं, की चुकला तो हात नव्हता, त्याला वाचून दाखवणारा होता. तेव्हापासून मी निर्धास्त झाले. बंदूक खरी आहे, केशव. मला माहीत आहे, तुला माहीत आहे. पण बाबांच्या ठशापुढे तिला खरी ठरवणारं या जगात आता एकच तोंड उरलं आहे, तुझं. मी शपथेनं बांधलेली आहे, लोकांत तुझ्याविरुद्ध एक शब्द काढणार नाही. बापाला दिलेला शब्द मी पाळते.

म्हणून तुझ्या विनंतीचं उत्तर, नाही. उद्या सकाळी दहाला तीच बंदूक उघडली जाईल. ती आता संग्रहालयाच्या कुलपात आहे, किल्ली कर्नलसाहेबांकडे. हे पत्र चंद्रभान आज सकाळीच तुझ्या हातात देतील, पोस्टात टाकलं असतं तर उद्यानंतर मिळालं असतं, आणि ते मला नको होतं. सगळं कळल्यानंतर बाबांनी भिंतीकडे तोंड करून जो एक दिवस काढला, तसा एक अख्खा दिवस तुला मिळावा, एवढ्यासाठी हे लिहिलं. आणखी एक. नळी वर आली की तिच्या पोटावरचे ठसे माइकसमोर मोठ्यानं वाचायला कुणीतरी लागेल. मी समितीला सुचवलं, देणाऱ्यानंच वाचावेत, त्यांना सवय आहे, ते पूर्वी माझ्या वडिलांना वाचून दाखवायचे. सगळ्यांनी लगेच मान्य केलं. तेव्हा चष्मा घेऊन ये. या वेळी नीट वाच.

एके काळी 'तुझीच' लिहायची, आता फक्त
नानाजी मास्तरांची,
गोपिका